शून्य आलं की समजावं, काम झालं!

मैत्रिणींनो, दळणाचा डबा गिरणीत ठेवला, की पीठ पडेपर्यंत आपण तिथेच उभ्या राहतो का? आम्ही सक्करदऱ्याच्या बायका तेवढ्या वेळात बुधवार बाजारातून भाजी घेऊन येतो आणि परतताना डबा उचलतो. संगणकालाही असंच काम सोपवून मोकळं होता येतं, हे मला गेल्या वर्षी कळलं.

निमित्त झालं आजेसासूबाईंच्या ओव्यांचं. चाळीसेक वर्षांपूर्वी मामंजींनी आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या २२ कॅसेटींवर भरून ठेवल्या होत्या. आता फितींना बुरशी धरू लागलेली. एकदा वाजलेली कॅसेट पुन्हा वाजेलच, याचा भरवसा नाही. म्हणून सगळ्या घरच्या जुन्या संगणकात उतरवून घेतल्या. पण तासाभराच्या कॅसेटची फाइल झाली सहाशे एमबीची! तीच एमपीथ्री केली, तर साठ एमबीच्या आत बसते. सासूबाईंच्या साध्या मोबाइलवर ऐकवायच्या, तर लहान करणं भागच होतं.

तुम्ही म्हणाल, बी. ए. झालेल्या बाईला हे कसं जमलं? अहो, आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे लिनक्स-पायथनचे धडे मराठीतही आहेत, आणि तेही फुकट. शाळेत मी अर्धवेळ शिकवते. दुपारी तासभर मिळतो, तेवढ्यात शिकले.

फाइल लहान करण्याचं काम ‘एफएफएमपेग’ करतं. पायथनमध्ये २००४ पासून ‘सबप्रोसेस’ नावाचा भाग आहे, त्यातून त्याला हुकूम देता येतो. ‘रन’ म्हटलं, तर काम संपेपर्यंत आपली स्क्रिप्ट खोळंबून बसते. ‘पॉपेन’ म्हटलं, तर काम पाठीमागे सुरू होतं, पावती हातात येते आणि स्क्रिप्ट पुढे जाते. थेट शेलमध्ये हुकूम देताना शेवटी ‘&’ ही खूण लावली, की तेच होतं.

मात्र चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, बावीसच्या बावीस कामं एकदम सुरू करू नयेत. शेगड्या दोन आणि भांडी बावीस, अशी गत होते. मी दोन-दोनच लावली. दुसरी, एफएफएमपेग मधूनच कीबोर्डकडे कान लावून बसतं, पाठीमागे असलं तर तिथेच अडतं. म्हणून ‘कोणी काही सांगणार नाही’ असं त्याला आधीच बजावावं. तिसरी, त्याची बडबड एखाद्या फाइलीत लिहू द्यावी. ती ‘पाइप’मध्ये साठवली आणि कोणी वाचलीच नाही, तर पाइप तुंबतो आणि काम थांबतं. चौथी, खिडकी बंद केली तरी काम चालू राहायला हवं असेल, तर स्क्रिप्टच ‘नोहप’ लावून सुरू करावी. पूर्वी टेलिफोनच्या तारेवरून मोठ्या संगणकाशी जोडून घेत. फोन ठेवला, की कामही बंद पडे. ते पडू नये म्हणून हे ‘नो हँग अप’!

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पावती दाखवून निकाल विचारणं. त्यासाठी ‘वेट’ असतं. उत्तर शून्य आलं तर काम नीट झालं, दुसरा कोणताही आकडा आला तर बिघडलं. वर्गात शून्याला रडणारी मुलं मला रोज दिसतात, इथे शून्यच पहिला नंबर! निकाल कोणी विचारलाच नाही, तर संपलेलं कामही यादीत तसंच लटकत राहतं. त्याला चक्क ‘झोंबी’ म्हणतात.

हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण चौदाव्या फाइलीला शून्य आलं नाही. डिस्क भरली होती. यादीत फाइल दिसत होती, नावही बरोबर होतं. ऐकली तर ओवी मध्येच तुटलेली! निकाल शून्य आल्याशिवाय मूळ फाइल पुसायची नाही, असं स्क्रिप्टमध्येच लिहिलं होतं, म्हणून तो तास वाचला. ती कॅसेट तर तोवर वाजेनाशी झाली होती.

तेव्हा घरात कोणाच्या आवाजाच्या कॅसेटी असतील, तर हा उन्हाळा जाऊ देऊ नका. काम खुशाल पाठीमागे लावा, पण शून्य आलं का ते विचारा, आणि पुसण्याआधी शेवटचा मिनिटभर स्वतःच्या कानांनी ऐका.