चपलांचा खर्च

चाळिशी उलटली की माणूस मधुमेहाच्या गोळ्या सुरू करतो, सकाळचं फिरणं सुरू करतो, नाहीतर भावाबरोबर गावच्या जमिनीचा वाद तरी सुरू करतो. मी एम.ए. सुरू केलं. विषय अर्थशास्त्र.

दोष सर्वस्वी माझा नाही. माझी बदली जव्हारला झाली आणि कुटुंब डोंबिवलीला राहिलं. संध्याकाळी सहानंतर जव्हारात करण्यासारख्या गोष्टी दोन : सनसेट पॉइंटवर जाऊन सूर्यास्त पाहणं आणि तो पाहून परत येणं. तिसऱ्या आठवड्यात सूर्यसुद्धा ‘आज पुन्हा तुम्हीच?’ अशा चेहऱ्याने बुडू लागला, तेव्हा मी दूरशिक्षणाचा अर्ज भरला.

सौभाग्यवतींना फोनवर सांगितलं.

“त्याने पगार वाढेल?”

“नाही.”

“प्रमोशन?”

“त्याचा याच्याशी संबंध नाही.”

“मग काय मिळेल?”

“ज्ञान.”

पलीकडून काहीच आवाज आला नाही. रेंज गेली असावी, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शाखेतले सहकारी अधिक व्यवहारी. “अहो, बँकिंगच्या परीक्षा द्या, वेतनवाढ तरी पदरात पडेल. एम.ए. करून काय, काउंटरवर नोटा मोजता मोजता महागाईवर भाषण देणार?” पण मी ऐकलं नाही. नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय आपल्या देशात चांगलीच जुनी आहे. दिल्ली विद्यापीठाने 1962 साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, मुंबई विद्यापीठाने 1971 साली, पुढे 1985 मध्ये इग्नू आलं आणि 1989 मध्ये नाशिकचं मुक्त विद्यापीठ. या सगळ्यांनी मिळून माझ्यासारख्यांचं एकच नुकसान केलं. ‘शिकायचं होतं हो, पण वेळच मिळाला नाही’ ही आयुष्यभर पुरणारी सबब काढून घेतली.

पुस्तकं आली. बी.कॉम.ला भेटलेली मागणीची रेषा किती साधी, सरळ, गरीब स्वभावाची होती! किंमत वाढली की मागणी खाली, विषय संपला. वीस वर्षांनी भेटली तेव्हा तिच्या अंगात कॅल्क्युलस शिरलं होतं. शेवटी अकरावीतल्या मुलाला फोन करून डेरिव्हेटिव्ह कसे काढतात ते विचारलं. “बाबा, हे तर बेसिक आहे,” तो म्हणाला. हे वाक्य मी त्याला सात वर्षं ऐकवत आलो होतो. त्याने ते व्याजासकट परत केलं.

शनिवारच्या एस.टी.त मांडीवर पुस्तक घेऊन मी एकेक सिद्धांत गिळत गेलो. घशाखाली उतरला नाही तो फक्त विल्यम बॉमोल. या गृहस्थांनी 1952 साली एक लेख लिहून असा प्रश्न सोडवला, की माणसाने बँकेतून एका वेळी किती पैसे काढावेत? सगळे काढून घरात ठेवले तर व्याज बुडतं. थोडे थोडे काढले तर बँकेत सारख्या फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीला खर्च येतो. दोन्हींचा मेळ घालायचा तर दोन गुणिले फेरीचा खर्च, गुणिले वर्षाचा एकूण खर्च, भागिले व्याजदर आणि या सगळ्याचं वर्गमूळ. त्या फेरीच्या खर्चाला सूत्रात ‘बी’ म्हणतात. अशा खेपांचं अर्थशास्त्रातलं लाडकं नाव ‘शू-लेदर कॉस्ट’, म्हणजे चपला झिजण्याचा खर्च.

मला हे सगळं थोतांड वाटलं. बावीस वर्षं काउंटरवर बसतोय, पण वर्गमूळ काढून स्लिप भरणारा खातेदार मी पाहिलेला नाही.

मग एके दिवशी वावरची आजी आली.

वावर हे जव्हार तालुक्यातलं गाव. नाशिककडे शेताला वावर म्हणतात आणि पुस्तकी मराठीत वावर म्हणजे ये-जा. आजीचा आमच्या शाखेतला वावर मात्र वर्षातून तीनदाच. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार तिच्या खात्यात जमा होतात. आजूबाजूच्या गावांतल्या आज्या दर महिन्याला येतात आणि ही चार महिन्यांचे सहा हजार एकदम नेते. त्या दिवशी मी सहज विचारलं, “आजी, तुम्ही दर महिन्याला का येत नाही?”

आजी काउंटरला टेकली. त्या भागातल्या रीतीप्रमाणे ती साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना ‘तू’ म्हणते, आणि त्यात साहेबाचाही मान कमी होत नाही.

“तूच हिशेब कर. गाडीला माझं अर्धं तिकीट, नातवाचं पुरं. गाडी चुकली का जीप. हा पोरगा माझ्यासंगं आला का त्याची दिवसाची मजुरी बुडली. वर चहा. चारशे रुपये गेले. दीड हजारासाठी चारशे कोण घालवील?”

“मग सगळे वर्षातून एकदाच न्या.”

“आन घरात येवढा पैसा दिसला का पाहुणे येतील ना! तुझ्याकडं हाये तवर कोणी मागत नाय.”

मी स्लिप हातात धरून तसाच बसलो. मी दोन महिने ज्याच्याशी झटापट करत होतो, तो बॉमोल या बाईने एका चहाच्या हिशेबात उलगडला होता. आणि वर पाहुण्यांचं जे कलम जोडलं, ते तर त्याच्या सूत्रातही नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत कॅल्क्युलेटर घेतला. फेरीचा खर्च चारशे, वर्षाची रक्कम अठरा हजार, व्याज शेकडा तीन. उत्तर आलं 21 हजार 909. म्हणजे वर्षाच्या पेन्शनपेक्षाही जास्त. बॉमोलसाहेबांच्या मते आजीने बँकेत वर्षातून एकदा तोंड दाखवावं आणि तेवढ्यावर आमची रजा घ्यावी. पेन्शन महिन्यामहिन्याने जमा होते, आणि आजीला पाहुणे आहेत, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. पण चारशेचा आकडा काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

कारण आजीने सांगितला तो चांगल्या दिवसाचा भाव. मागच्या खेपेला ती आली तेव्हा लिंक डाऊन होती आणि मी मान वर न करता म्हणालो होतो, “उद्या या.” त्याच्या आधी मशीनवर तिचा अंगठा उठत नव्हता. जन्मभर नाचणी-वरई लावून, सरपण वाहून रेषाच झिजल्या असतील तर मशीन तरी काय ओळखणार? तेव्हाही मीच म्हणालो होतो, “दुपारून या.” दुपारून म्हणजे परतीची गाडी गेल्यावर. ‘उद्या या’ हे तीन अक्षरांचं वाक्य मी दिवसातून दहा वेळा बोलतो, त्याला मला काही खर्च येत नाही. आजीला ते चारशे रुपयांना पडत होतं.

एवढे दिवस मी पुस्तकात शोधत होतो, तो ‘बी’ खुर्चीत बसून पगार घेत होता.

वावरचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते शाळेत असताना, 1992 साली. वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि साऱ्या महाराष्ट्राने जव्हारचा नकाशा तेव्हा नीट पाहिला. आमच्या घरी वडील पेपर वाचता वाचता थांबले होते, एवढंच आठवतं. आता अभ्यासाला अमर्त्य सेन यांचं 1981 सालचं दुष्काळावरचं पुस्तक आहे. त्यांचं म्हणणं असं, की माणसं उपाशी राहतात ती नेहमी धान्य संपलं म्हणून नव्हे. धान्य असतं, पण माणसाच्या ऐपतीत आणि हक्कात ते येत नाही. ते वाचताना मला कुठला परदेश आठवला नाही. आमचं काउंटर आठवलं. पैसे आमच्याकडे होते, आजीच्या नावावर होते, फक्त मधे एक गाडी, एक अंगठा आणि एक मी होतो.

क्रांती वगैरे मी काही केली नाही. कारकुनाला ती झेपतही नाही. नातवाला शाखेचा नंबर दिला आणि म्हटलं, निघण्याआधी फोन करून लिंक आहे का विचारत जा. लांबच्या गावांच्या स्लिपा आधी घ्यायच्या, असं साहेबांना सुचवलं. साहेब म्हणाले, “हे तुम्हाला एम.ए.त शिकवतात?” मी हो म्हटलं. अंगठा उठला नाही तर करायची कागदोपत्री तजवीज नियमांत पहिल्यापासूनच होती. ती वाचायचा कंटाळा तेवढा माझा होता.

परीक्षेत बॉमोल आला. मी सूत्र लिहिलं, आकृती काढली आणि उदाहरण म्हणून वावरच्या आजीचा हिशेब मांडला, पाहुण्यांसकट. पेपरला 52 गुण पडले. पाहुण्यांचे दिले की कापले, ते कळायला मार्ग नाही.

चार महिन्यांनी आजी आली. चपला हातात होत्या. उतारावर पायात घालायच्या आणि सपाटीला हातात घ्यायच्या, हा तिचा जुना नियम. चपलांच्या खर्चाचा विचार तिने अर्थशास्त्रज्ञांपेक्षा अधिक मुळापासून केला आहे.

“पास झालास का रं?”

“झालो, आजी.”

“मंग आता मोठा साहेब?”

“नाही. इथेच.”

“पगार वाढला?”

“नाही.”

“मंग काय मिळालं तुला?”

हाच प्रश्न डोंबिवलीहूनही आला होता, आणि तेव्हा दिलेलं उत्तर पुन्हा द्यायचं धाडस मला होईना. मी सहा हजार मोजून तिच्या हातात ठेवले आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. आजीने लुगड्याच्या ओच्यात पैसे खोचले, नातवाला ढोसलं आणि लगबगीने निघाली.

तिला परतीची गाडी मिळाली.