कॉर्डोबा शहरीं दोन दिवस

माझ्या खिशांत दादांचें पत्र होतें. वाडा पाडून त्या जागीं नवी इमारत उभारावयाची, इतर भावंडांच्या सह्या झाल्या, तुझी तेवढी राहिली, असा त्यांतील मजकूर. उत्तर काय द्यावें तें मला सुचत नव्हतें. माद्रिद येथील काम आटोपल्यावर दोन दिवस मोकळे मिळाले, तेव्हां दक्षिणेची आगगाडी धरली आणि दोन तासांच्या आंतच कॉर्डोबा स्टेशनावर उतरलों.

ग्वादालकिविर नदीच्या कांठचें हें शहर रोमन काळापासून नांदतें आहे. तत्त्वज्ञ सेनेका येथलाच. परंतु त्याचा खरा उत्कर्ष झाला तो अरबांच्या अमलांत. इ. स. ७५० मध्यें दमास्कसच्या उमय्या घराण्याची कत्तल झाली. तींतून निसटलेला अब्दुर रहमान नांवाचा तरुण राजपुत्र आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यानें भटकत स्पेनांत आला आणि ७५६ मध्यें येथें त्यानें आपलें राज्य स्थापिलें. घरदार गमावलेल्या या माणसानें ७८५ च्या सुमारास जी मशीद बांधावयास घेतली, ती पाहण्यासाठींच आज जगाची रीघ लागलेली असते.

नारिंगांच्या झाडांचें अंगण ओलांडून मी आंत गेलों. बाहेरच्या लखलखत्या उन्हांतून आल्यामुळें क्षणभर कांहीं दिसेना. मग एकेक करून खांब दिसूं लागले. आज तेथें ८५६ खांब आहेत म्हणतात. त्यांतील कित्येक जुन्या रोमन व ख्रिस्ती इमारतींतून आणलेले. कोणाचा दगड तांबूस तर कोणाचा करडा. हे खांब आंखूड पडले, तेव्हां कारागिरांनीं एका कमानीवर दुसरी कमान चढवून छत उंच नेलें! तांबडी वीट व पांढरट दगड यांचे आळीपाळीनें पट्टे असलेल्या त्या कमानी पाहतांना मीं घड्याळ पाहिलें नाहीं. दुसऱ्याच्या पडक्या घरांतील खांब घेऊन कोणी इतकें सुंदर घर उभारलें असेल, असें मला वाटलें नव्हतें.

आणि याच खांबांच्या वनांत, अगदीं मधोमध, एक भलेंमोठें चर्च उभें आहे. १२३६ मध्यें तिसऱ्या फर्डिनंड राजानें शहर जिंकलें व मशिदीचें चर्च केलें. तरी पुढें जवळजवळ तीनशें वर्षें मूळ इमारतीचा फारसा भाग कोणीं पाडला नाहीं. १५२३ मध्यें मात्र बिशपानें मधले खांब काढून उंच प्रार्थनामंदिर बांधावयास घेतलें. नगरसभेनें कडाडून विरोध केला, पण पांचव्या चार्लस बादशहानें कौल बिशपास दिला. पुढें तें काम पाहून बादशहालाच पश्चात्ताप झाला, अशी आख्यायिका आहे. खरें सांगावयाचें तर प्रथम मला रागच आला. एखाद्या गायकाची तान चालू असतां मध्येंच कोणीं वाजंत्री सुरू करावी, तसें तें मला वाटलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं शहराच्या पश्चिमेस मदीना अल-झहराचे अवशेष पाहिले, आणि राग थोडा निवळला. तिसऱ्या अब्दुर रहमाननें ९३६ च्या सुमारास वसविलेली ही राजनगरी शतक पुरें होण्यापूर्वींच यादवींत उद्ध्वस्त झाली. पुढें लोकांनीं तिचे दगड वाहून नेले, आणि १९११ मध्यें उत्खनन सुरू होईपर्यंत ती मातीखालींच होती. तेथें मध्यें चर्च घालणारा कोणी आला नाहीं. दिवा लावणाराही कोणी आला नाहीं.

इब्न रुश्द व मायमोनिदीस हे दोघे थोर पंडित याच शहरांत जन्मले. १३१५ मध्यें बांधलेलें ज्यूंचें छोटें प्रार्थनामंदिर अजून उभें आहे, पण १४९२ मध्यें ज्यूंना देशाबाहेर घालविण्यांत आलें. आपल्या वाचकांस एक गोष्ट मुद्दाम सांगतों. दहाव्या शतकाच्या अखेरीस येथील मसलमा नांवाच्या ज्योतिषानें अल-ख्वारिज्मीचीं ग्रहगणिताचीं कोष्टकें कॉर्डोबाच्या रेखांशास जुळवून घेतलीं. त्या कोष्टकांच्या मुळाशीं आपल्या ब्रह्मगुप्ताच्या परंपरेंतील गणित होतें, आणि बाराव्या शतकांत तीं लॅटिनांत उतरलीं. मूळ पायावर पुढच्यांनीं मजले चढविले, ते असे!

सायंकाळीं जुन्या वस्तींत एका घराचा चौक पाहिला. पूर्वीं अशा चौकाभोंवतीं अनेक कुटुंबें राहत. विहीर एक, धुण्याची जागा एक. मे महिन्यांत या चौकांच्या सजावटीच्या स्पर्धा होतात. त्या १९२१ मध्यें सुरू झाल्या. भिंतीवर पार वरपर्यंत फुलांच्या कुंड्या, आणि एक आजीबाई लांब वेताच्या टोंकाला डबा बांधून वरच्या कुंड्यांस पाणी घालीत होत्या. मागें त्यांचें स्वयंपाकघर अगदीं नवें, विजेच्या शेगडीचें. बिऱ्हाडांच्या चार खोल्यांच्या दोन झालेल्या. विहिरीच्या कडेचा दगड मात्र दोरानें कातरलेला तसाच. आमच्या विहिरीवर आईच्या रहाटाचा आवाज पहांटे येई, तो मला तेथें ऐकूं आला.

रात्रीं खोलीवर परत आल्यावर कागद पुढें ओढला. "ती. दादांस सा. न. वि. वि. सही आज पाठवीत नाहीं, त्याबद्दल रागावूं नये. माडीचीं लांकडें कुजलीं आहेत, हें मलाही ठाऊक आहे. तूर्त चौकाची व विहिरीची लांबीरुंदी मोजून कळवावी, आणि वृंदावनापासून ओटीपर्यंत किती हात अंतर आहे, तेंही."