पाण्याशीं ओळख

माझ्या आजोळीं नदी अगदीं घराच्या मागूनच वाहत असे. उन्हाळ्याच्या सुटींत थोरले मामा घरांतल्या सगळ्या मुलग्यांच्या कमरेला वाळके भोपळे बांधून त्यांना डोहांत ढकलीत, आणि आठपंधरा दिवसांत ते भोपळे सुटत. आम्ही मुली घाटाच्या पायऱ्यांवर बसून भावांचे कपडे सांभाळीत असूं. मुलींनीं पोहूं नये असें कोणी कधीं बोलल्याचें मला स्मरत नाहीं. त्यांना शिकवावें, एवढें मात्र कोणाच्या मनांतच आलें नाहीं. पुढें एका श्रावणांत माझी धाकटी मावशी त्याच घाटावर धुणें धूत असतां पाय घसरून प्रवाहांत गेली. काठावर चौघीजणी होत्या. त्यांतील एकीलाहि पोहतां येत नव्हतें. घरांतील पट्टीचे पोहणारे त्या वेळीं शेतावर होते.

ही जुनी जखम परवां पुन्हां उघडली ती एका परदेशी गृहस्थाचें चरित्र वाचतांना. लुई द ब्रेडा हँडले हें त्यांचें नांव. १८७४ सालीं रोम शहरीं ते जन्मले, तरुणपणींच अमेरिकेंत आले, आणि न्यूयॉर्क अॅथ्लेटिक क्लबाच्या वतीनें पोहूं व वॉटर पोलो खेळूं लागले. त्या काळचा अमेरिकन वॉटर पोलो म्हणजे पाण्यांतली कुस्तीच. चेंडू अर्धवट फुगविलेला असे. तो काखेंत दाबून पाण्याखालीं बुडी मारावी, प्रतिपक्षाच्या मिठींतून सुटावें, आणि तो पलीकडच्या फळीला नेऊन टेकवावा, असा प्रकार. ज्याला श्वास कोंडून धरतां येई व पाण्याखालींहि ज्याचें डोकें शांत राही, त्याचेंच तेथें चाले.

१९०४ सालीं सेंट लुई येथें ऑलिंपिक सामने झाले. वॉटर पोलोंत तीनच संघ उतरले होते, आणि तिन्ही अमेरिकन. अंतिम सामन्यांत न्यूयॉर्कनें शिकागोवर ६ विरुद्ध ० असा विजय मिळविला. चौघांनीं प्रत्येकीं ५० यार्ड पोहावयाच्या शर्यतींतहि हँडले यांचाच संघ पहिला आला. दोन सुवर्णपदकें ! एखाद्यानें त्यांच्यावरच जन्म काढला असता.

परंतु त्याच वर्षीं न्यूयॉर्कमध्यें दुसरी एक गोष्ट घडली. १५ जून रोजीं ‘जनरल स्लोकम’ ही आगबोट एका जर्मन वस्तींतील मंडळींना सहलीस घेऊन ईस्ट नदींतून निघाली होती. कामाचा दिवस असल्यामुळें बोटीवर बहुतेक बायका व मुलेंच होतीं. बोटीला आग लागली. पाण्यांत तरंगण्यासाठीं ठेवलेले पट्टे कुजून गेले होते. किनारा दिसत होता, तरी हजाराहून अधिक जीव गेले. कारण आगींतून पाण्यांत उडी टाकणाऱ्या त्या बायकांना पाणी हेंहि आगीइतकेंच परकें होतें. हें वाचलें आणि मला आमचा घाट दिसूं लागला.

१९१७ सालीं न्यूयॉर्कमध्यें शार्लट एप्स्टाइन या बाईंनीं स्त्रियांसाठीं पोहण्याची एक संस्था काढली. बाई न्यायालयांत लघुलेखिका होत्या. या संस्थेंत हँडले यांनीं शिकविण्याचें काम पत्करलें, आणि तेंहि एक पैसा न घेतां. स्त्रियांना दूरवर पोहणें झेपणार नाहीं, अशी त्या वेळीं बहुतेकांची समजूत. हँडले यांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं मुलींना क्रॉल शिकविला. दोन्ही हातांच्या एका फेऱ्यांत पायांचे सहा हलके ठोके, आणि त्या तालावर श्वास. बळापेक्षां ताल महत्त्वाचा, हें त्या पद्धतीचें मर्म. दांडग्या खेळांत वाढलेल्या माणसानें नाजूक म्हणून हिणविलेल्यांना शिकविलें तें हें !

फळ दिसावयास फार दिवस लागले नाहींत. ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या पोहण्याच्या शर्यती १९१२ सालीं सुरू झाल्या, तरी अमेरिकेनें प्रथम आपल्या मुली पाठविल्या त्या १९२० सालीं अँटवर्पला. तेथें एथेल्डा ब्लाइबट्री हिनें स्त्रियांच्या तिन्ही शर्यतींत सुवर्णपदकें मिळविलीं, आणि अवघ्या चौदा वर्षांची आयलीन रिगिन सूर मारण्यांत पहिली आली. दोघीहि याच संस्थेच्या. तेथेंच घडलेली गर्ट्रूड एडर्ली ही एका जर्मन खाटकाची मुलगी. लहानपणीं गोंवराच्या दुखण्यानें तिचे कान अधू झाले होते. १९२५ सालीं इंग्लिश खाडी ओलांडण्याचा तिचा प्रयत्न फसला. ६ ऑगस्ट १९२६ रोजीं ती पुन्हां उतरली आणि साधारण साडेचौदा तासांत पलीकडे पोंचली. तिच्यापूर्वीं पांच पुरुषांनीं ती खाडी ओलांडली होती; त्यांतल्या सर्वांत वेगवान पुरुषाला साडेसोळा तास लागले होते. तेथें तिचे मार्गदर्शक दुसरे होते, पण तिचा क्रॉल हँडले यांच्या तालमींतला. पुढें तिनें बहिऱ्या मुलांना पोहावयास शिकविलें. हँडले १९५६ सालीं वारले.

आतां घरची गोष्ट. माझी नात नऊ वर्षांची आहे. गेलीं दोन वर्षें ती पोहावयास जाऊं म्हणते, आणि दोन वर्षें मी कांहीं ना कांहीं सबब सांगतें. केस ओले राहतील, सर्दी होईल, अभ्यास बुडेल. खरें कारण सांगावयाचें तर मला पाण्याची भीति वाटते. मावशीला नेलेल्या पाण्याजवळ पोरीला नेऊंच नये, एवढेंच मला कळत होतें. ज्या अज्ञानानें मावशी गेली, तेंच मी प्रेमाच्या नांवाखालीं नातीच्या पदरीं बांधीत होतें, हें कळावयाला मला एका वॉटर पोलो खेळणाऱ्याचें चरित्र वाचावें लागलें.

सूनबाईला मी म्हटलें, “उद्यांपासून हिला तलावावर मी नेईन.” ती क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली.

काल पहिला दिवस होता. साठ वर्षांपूर्वींप्रमाणेंच मी काठावर कपडे सांभाळीत बसलें होतें. मात्र या वेळीं पाण्यांत आमच्या घरची मुलगी होती.