काचेतले कांदळ

समुद्राचा एक तुकडा आपल्या घरी असावा, ही इच्छा शहरातील अनेक मुलांना होते. मुलुंडच्या एका जैन कुटुंबात नववीत शिकणाऱ्या नातीने खाऱ्या पाण्याच्या टाकीचा आणि रंगीत माशांचा हट्ट धरला, तेव्हा आजोबांनी शांतपणे नकार दिला. असे पुष्कळसे मासे टाकीत जन्मलेले नसतात. प्रवाळांच्या खडकांतून पकडून आणलेले असतात आणि त्यांतील कित्येक वाटेतच दगावतात. "पाच इंद्रियांच्या जीवाला आपल्या करमणुकीसाठी कोंडायचे नाही," एवढेच ते म्हणाले.

तोडगा निघाला तो मालवणच्या किनाऱ्यावर. पावसाळ्याच्या अखेरीस भरतीने कोरड्या वाळूवर टाकलेली, हातभर लांबीची एक हिरवी शेंग नातीला सापडली. ती कांदळाची होती. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. त्याचा कोंब आईच्या फांदीला लोंबत महिनोन्‌महिने वाढतो आणि पूर्ण तयार झाल्यावरच खाली गळतो. चिखल मिळाला तर तेथेच उभा राहतो, न मिळाल्यास पाण्यावर तरंगत दूरवर जातो. उन्हात तापलेल्या वाळूवर मात्र तो सुकून जातो. झाडावरून काहीच तोडायचे नव्हते, म्हणून आजोबांनी होकार दिला. पण एक अट घातली. "मासा नको, झाड चालेल, असे म्हणताना झाडही एकेंद्रिय जीव आहे हे विसरायचे नाही, बाळ. आणलेस तर निभवावे लागेल."

दोन फुटांची काचेची टाकी सज्जातील भरपूर उजेडाच्या कोपऱ्यात आली. तळाशी वाळू व चिखल, त्यावर वीतभर पाणी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. नातीने त्याच्या निम्म्याच प्रमाणात मीठ मिसळले, कारण खाडीच्या मचूळ पाण्यात कांदळ अधिक सुखाने वाढते. शेंग पुरायची नसते. तिचे खालचे टोक तेवढे चिखलात टेकवून वरचा भाग मोकळ्या हवेत उभा ठेवायचा असतो. तिने तो दोऱ्याने एका काठीला सैल बांधला.

पहिले काही महिने वर काहीच दिसले नाही. शेंग तशीच हिरवी काठीसारखी उभी होती. खाली मात्र काचेतून पांढरी मुळे पसरताना दिसत होती. पुढे टोकाशी पानांची पहिली जोडी उलगडली. त्या काळात घराला एक साधा नियम कळला. टाकीतील पाणी उडून जाते, मीठ मात्र मागेच राहते. म्हणून पाणी कमी झाले की त्यात खारे पाणी घालायचे नसते, गोडे पाणी घालायचे असते. हा नियम मोडला तर क्षार वाढत जाऊन रोप गुदमरते. कांदळाची मुळे बहुतेक मीठ आत शिरण्याआधीच गाळून टाकतात. पण त्या गाळणीलाही मर्यादा आहे.

दहावीच्या वर्षी नातीला टाकीकडे पाहायला वेळ उरला नाही. तेव्हा रोज सकाळी सामायिक आटोपून पाण्याची खूण पाहणे आणि पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसणे, हे काम आजोबांनी कोणी न सांगता आपल्याकडे घेतले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ते पाण्यातून चालत घरी आले होते. मिठी नदीच्या काठचे कांदळवन भराव टाकून बुजवल्याची चर्चा त्या दिवसांत घरोघरी झाली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील खारफुटीची तोड थांबवण्याचा आदेश दिला आणि 2018 मध्ये तो अंतिम निकालाने कायम केला. हे सारे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. पण या झाडाचे मूळ कसे धरते, हे त्यांनी पहिल्यांदाच सज्जात पाहिले.

चौथ्या वर्षी रोपाच्या बुंध्यापासून कमानीसारखी आधारमुळे सुटली आणि टाकी अपुरी पडू लागली. छाटून लहान ठेवावे, तर कांदळाच्या जुन्या लाकडाला पुन्हा फुटवा येत नाही. खाडीत नेऊन लावावे, असे नात म्हणाली. आजोबांनी चौकशी केली. कांदळवन ही संरक्षित जागा; तेथे परस्पर काही लावता येत नाही. शिवाय घरच्या टाकीतील कीड वा रोग खाडीत जाण्याची भीती असते. चांगल्या हेतूने लावलेले झाडही दुसऱ्या ठिकाणी त्रास देऊ शकते. हवाईच्या मोलोकाई बेटावर 1902 मध्ये चिखल अडवण्यासाठी अमेरिकेतील तांबडे कांदळ लावले गेले. आज ते तेथील किनाऱ्यांवर उपद्रवी ठरले आहे.

अखेर किनाऱ्याजवळच्या एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने ते रोप आपल्या बागेतील मचूळ पाण्याच्या कुंडासाठी मागून घेतले. देताना नातीचे डोळे भरून आले. चार वर्षे वाढवलेले ते तिचेच होते, असे तिला वाटत होते. आजोबांनी तिची समजूत घातली नाही. पाण्यात किती मीठ घालायचे, याची तिच्या अक्षरातली वही तेवढी त्यांनी रोपाबरोबर पाठवून दिली.

रिकामी टाकी आता धुऊन माळ्यावर ठेवली आहे. नवी शेंग आणण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. अपरिग्रहाचे व्रत आपण बहुधा धन आणि वस्तू यांच्यापुरतेच मोजतो. पण मायेने वाढवलेला जीव योग्य वेळी योग्य हाती सोपवणे, हाही त्याच व्रताचा भाग आहे. तो पुस्तकातून कळतो खरा. अंगवळणी पडायला मात्र त्या घराला चार वर्षे आणि एक हिरवी शेंग लागली.