कोर्ट उठेपर्यंत

कल्याण (पश्चिम),
रविवार

चि. बंड्या,

तुझी यादी मिळाली. थायलंड, मलेशिया, मॉरिशस, नेपाळ. वर मथळा, ‘व्हिसा लागत नाही’. खाली बारीक अक्षरात, ‘मामा, इथे कोणी विचारत नसेल ना?’ कोर्टात तीस वर्षं कारकुनी केली मी, कागदाचा शेवट आधी वाचायची सवय आहे. तेव्हा उत्तरही त्या शेवटच्या ओळीलाच देतो.

आधी तुझी शिक्षा नीट आठवू. तू ती इतकी वर्षं मनात घोळवून खुनाएवढी केली आहेस. २०११ चा पावसाळा, संध्याकाळची बदलापूर गाडी, डोंबिवलीला उतरायला पुढच्या स्टेशनांना जाणारी माणसं वाट देईनात. तू हातातला डबा फिरवलास. रिकामा होता म्हणून समोरच्याचं चार टाक्यांवर भागलं. लोहमार्ग पोलिसांनी भारतीय दंड संहितेचं ३२४ कलम, म्हणजे हत्यारानं दुखापत, लावलं, २०१४ मध्ये कल्याणच्या रेल्वे कोर्टात ३२३, म्हणजे साधी दुखापत, शाबीत झालं. हजार रुपये दंड आणि कोर्ट उठेपर्यंत साधी कैद. ती कैद तू बाहेरच्या बाकावर बसून भोगलीस. ताईनं पोळीभाजी पाठवली होती, तीही डब्यातच! आम्ही दोघं तो डबा उघडायला लाजलो होतो. पाचच्या सुमारास साहेब उठले, शिपायानं तुला जायला सांगितलं. मला वाटतं, तू त्या बाकावरून अजून उठलेला नाहीस.

कारण पासपोर्ट २०१९ मध्ये संपला तो तू नवा केला नाहीस. ‘पोलीस घरी येतील’ हे तू ताईला सांगितलंस. सूनबाईला काहीच सांगितलं नाहीस, हे ताईनं मला सांगितलं.

पासपोर्टचा कायदा १९६७ चा. अर्जाआधीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी किमान दोन वर्षांची कैद झाली असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. अर्जातही पाच वर्षं आणि दोन वर्षांची शिक्षा असंच धरून विचारतात. तुझं उत्तर ‘नाही’, आणि ते शंभर टक्के खरं आहे. डोंबिवलीतल्या त्या एजंटानं पत्ता बदलून अर्ज करायला सांगितलं म्हणालास, त्याच्या नादी लागू नकोस. माहिती लपवणं किंवा खोटी देणं हा त्याच कायद्याच्या १२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे एका दिवसाची शिक्षा झाकायला दोन वर्षांची जोखीम.

खरा खोळंबा होतो तो ज्यांच्या केसेस चालू आहेत त्यांचा. अशा माणसाला परदेशी जायचं तर कोर्टाची परवानगी आणावी लागते, तशी अधिसूचना २५ ऑगस्ट १९९३ ची आहे. सलमान खानला २०१८ मध्ये जोधपूरला शिक्षा झाली, तो अपिलात गेला, जामिनावर सुटला, आणि परदेशी शूटिंगसाठी दर वेळी कोर्टाची परवानगी घ्यायची अट त्याला पडली. तुझं ना अपील, ना दंड बाकी. अडचण झालीच तर एवढीच, की पोलीस ठाण्याच्या नोंदीत तुझी केस अजून ‘प्रलंबित’ दिसेल. निकाल लागला तरी रजिस्टरला त्याचा पत्ता नसतो, हे मी पाहिलंय. त्यावर औषध एकच, निकालाची सही-शिक्क्याची नक्कल आणि दंडाची पावती.

आता तुझी यादी. नेपाळ खोडून टाक. वाईट देश म्हणून नव्हे. १९५० च्या करारापासून तिथे जायला आपल्याला व्हिसा नाही, पासपोर्टही नाही, विमानानं गेलास तरी मतदार ओळखपत्र चालतं. तिथे जायला तुला यादी कशाला हवी?

थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याला व्हिसा माफ केला, मलेशियानं डिसेंबरात. पण व्हिसा माफ झाला म्हणजे कायदा माफ झाला असं नाही. थायलंडचा इमिग्रेशन कायदा १९७९ चा आहे. परदेशी कोर्टानं तुरुंगात धाडलेल्या माणसाला दारातून परत पाठवता येतं, किरकोळ गुन्हे आणि निष्काळजीपणा वगळून, असं त्यात आहे. मलेशियाच्या कायद्यातही कैदेची शिक्षा झालेल्यांना अडवायचं कलम आहे. विचारतीलच असं नाही. पण व्हिसा असता तर जो प्रश्न डोंबिवलीत घरी बसून, कागद लावून सोडवला असतास, तो बिनव्हिशाच्या प्रवासात विमानतळाच्या खिडकीवर येतो. मागे रांग, शेजारी बायको, आणि ‘साधी कैद, कोर्ट उठेपर्यंत’ याला थाई भाषेत काय म्हणतात ते तुला ठाऊक नाही.

मॉरिशस तू लिहिलंस आणि मला हसू आलं. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यातले सुमारे दीड हजार कैदी तिथे रस्ते बांधायला नेले होते. १८३६ मध्ये डार्विन त्या बेटावर उतरला, त्यानं ते पाहिले आणि त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं. (तिथली आजची मराठी माणसं मात्र बहुतेक नंतर गेलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या वंशातली, उगाच कुणाला भलतं बोलू नकोस.) आपल्या ठाण्याच्या तुरुंगातूनही काळ्या पाण्याचे कैदी जात. १९११ मध्ये सावरकर तिथूनच अंदमानला निघाले. एकेकाळी शिक्षा झाली की सरकार स्वखर्चानं समुद्र ओलांडायला लावी. आता शिक्षा झालेला माणूस स्वतःच किनाऱ्यावर थांबतो. आज मॉरिशसला परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाला पैसे दाखवावे लागतात.

आणि कंपनी अमेरिकेला पाठवत होती तेव्हा तू थंडी सोसत नाही असं सांगितलंस, तेही कळलं. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात कधीही अटक किंवा शिक्षा झाली का, असा सरळ प्रश्न असतो. माफी मिळाली असली तरी सांगायचं असतं. तिथे ‘हो’ लिहायला तू घाबरलास. त्यांच्या कायद्यात नैतिक अधःपतनाच्या किरकोळ गुन्ह्याला सवलत आहे: एकच गुन्हा, कायद्यानं कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त नाही, प्रत्यक्ष झालेली सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. आपल्या ३२३ ची कमाल मर्यादा बरोबर एक वर्ष होती. मुळात साधी मारामारी त्यांच्याकडे सहसा नैतिक अधःपतनात मोडतच नाही. निर्णय त्यांचा अधिकारी घेणार, तेव्हा जाण्याआधी जाणत्या वकिलाला निकाल दाखव. पण ‘नाही’ लिहून पकडला गेलास, तर कायमची बंदी येऊ शकते.

एक गंमत सांगतो. डोंबिवली स्टेशनात रूळ ओलांडताना पकडून रेल्वे मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलेले, रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली दंड भरून आलेले तुझ्या सोसायटीत किती असतील? तीही शिक्षाच. एकाचीही झोप उडालेली मी पाहिली नाही.

नकलेचा अर्ज मी मंगळवारी देतो. केस नंबर ताईच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत असणार. तो फोनवर सांग. निकाल मराठीत आहे, इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागेल. मग ठाण्याला वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्राची वेळ घे.

त्याआधी सूनबाईला घेऊन शनिवारी जेवायला ये. तू सुरुवात कर, अडलास तर बाकाचा भाग मी सांगेन. मामी पुरणपोळी करणार आहे. उरल्या तर न्यायला डबा मात्र तुमचा तुम्ही आणा.

तुझा,
मामा