रक्त सोडून सगळं

रक्त न घेणाऱ्या रुग्णांचं संमतिपत्र मराठीत आणायला एका रुग्णालयानं मला बोलावलं. जुन्या मसुद्याचं शीर्षक होतं, 'उपचारास नकार'. पण यहोवाचे साक्षीदार उपचारांसाठीच रुग्णालयात येतात. 'प्रेषितांची कृत्ये'मधली रक्त वर्ज्य करण्याची आज्ञा ते शिरेतून चढवायच्या रक्तालाही लावतात, इतकंच.

पुढे 'रक्त' हा शब्दही पुरेना. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, प्लाझ्मा नकोत. प्लाझ्मातून वेगळं काढलेलं अल्ब्युमिन मात्र ज्याच्या त्याच्या विवेकावर. प्रत्येकासमोर वेगळा चौकोन.

मसुदा वाचून सिस्टर म्हणाल्या, "ताई, 'रक्त सोडून सगळं करा' असं स्पष्ट लिहा. आम्हाला तेच करायचं असतं." मग त्यांनी ते 'सगळं' सांगितलं. शस्त्रक्रियेआधी लोह आणि एरिथ्रोपोएटिन देऊन हिमोग्लोबिन वाढवायचं. तपासणीला लहान मुलांच्या नळीत मोजकंच रक्त काढायचं. शस्त्रक्रियेत वाहिलेलं रक्त, रुग्णाची हरकत नसेल तर, यंत्रात धुऊन त्यालाच परत द्यायचं. ह्यूस्टनच्या डेन्टन कूली यांच्या चमूनं रक्त न देता केलेल्या ५४२ हृदय-रक्तवाहिनी शस्त्रक्रियांचा अहवाल १९७७ सालीच प्रसिद्ध केला होता.

तरीही एखाद्याचा रक्तस्राव थांबत नाही. त्यासाठी शेवटचं कलम. 'जीव गेला तरी' हे आपण कारल्याच्या भाजीबद्दलही म्हणतो. इथे ते शब्दशः खरं होतं. मी लिहिलं, 'मृत्यू ओढवला तरी', आणि खाली सहीसाठी जागा सोडली.