निपाणीचे मिस्त्री

निपाणीत जुन्या पी. बी. रोडच्या बाजूला तंबाखूच्या वखारी होत्या, आणि त्या वखारींच्या आडोशाला एक लेथचं दुकान. वर पत्रा, खाली तेलानं काळी पडलेली फरशी. बाहेर तंबाखूचा खाट नाकाला झोंबायचा. आत पाऊल टाकलं की रॉकेलचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. बोर्ड वर कन्नड, खाली मराठी. दारात चिकोडी पासिंगच्या गाड्या आणि कोल्हापूर पासिंगच्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असायच्या. मालकांना सगळं गाव ‘मिस्त्री’ म्हणायचं, मीही तेच म्हणत आलो. ते ना माझ्या नात्यातले, ना जातीतले, ना शाळासोबती. तरी ज्यांचं देणं मी मनापासून मानतो, अशा मोजक्या माणसांत त्यांचं नाव फार वरचं आहे.

मी बेळगावात कॉलेजात शिकवायचो. आई निपाणीत राहायची. नव्वदच्या दशकात जुनी मारुती 800 घेतली, ती मुख्यतः तिच्यासाठी. एकदा तिला डोळ्यांच्या तपासणीसाठी बेळगावला नेत होतो. तवंदी घाट चढताना फाडकन आवाज झाला आणि गाडी फटफट करत कशीबशी कडेला आली. बॉनेट उघडलं तर एक स्पार्क प्लग जागेवरून उडून वायरीला लोंबकळत होता. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये कुणीतरी तो तिरका बसवून पान्ह्यानं रेटला होता. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादी; त्या झटापटीत हार ॲल्युमिनियमचीच होते. हेडमधले आटे सोलून प्लगभोवती गुंडाळलेले स्पष्ट दिसत होते.

टेम्पोनं ओढून गाडी परत निपाणीत आणली. पहिल्या गॅरेजवाल्यानं एका वाक्यात निकाल दिला, “हेड बदलायला लागतंय.” नव्या हेडची किंमत ऐकून आईच म्हणाली, गाडी विकून टाक. तेवढ्यात तिथल्याच एका पोरानं हळूच सांगितलं, “सर, वखारीमागं मिस्त्रींना एकदा दावा की.”

हेड उतरवून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी भोकात करंगळी फिरवली, बॅटरीच्या उजेडात पाहिलं आणि म्हणाले, “हेड कुठं गेलंय ओ? आटं गेल्यात नुसतं. बसा, च्या घ्या.”

पुढचं सगळं मी स्टुलावर बसून पाहिलं, आणि आजही जसंच्या तसं सांगू शकतो. प्लगचे आटे चौदा मिलिमीटरचे, दोन आट्यांतलं अंतर सव्वा मिलिमीटर. त्यांनी पोलादी गजाचा तुकडा लेथवर चढवून एक बुश कातला, आतून प्लगच्या मापाचे आटे, बाहेरून त्याहून मोठ्या मापाचे, आणि वरच्या टोकाला कॉलर. मग हेडमधलं भोक मोठं करून त्यात टॅपनं नवे आटे पाडायला घेतले. टॅपला रॉकेल लावायचं, कारण ॲल्युमिनियम चिकटतं. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. मागं फिरवलं की चुरा तुटतो, नाही तर तोच चुरा नवे आटे फाडतो. प्रत्येक वेळी टॅप बाहेर काढून ब्रशनं साफ करायचा. हाताखालच्या कन्नड पोराला त्यांनी टॅप धरायला दिला, तेव्हा स्वतःचं बोट टॅपला टेकवून तो सरळ उतरतोय ना हे ते पाहत राहिले. पोरगा “आयतु री”, म्हणजे झालं, असं म्हणाला, तरी त्यांनी गुण्या लावून पाहिल्याशिवाय मान हलवली नाही.

बुश बसल्यावर मला वाटलं, झालं. मिस्त्रींनी हेड उलटं केलं आणि बुशची आतली कड बोटानं चाचपली. ती केसभर वर होती. कानशीनं घासून त्यांनी ती सपाट केली आणि सांगितलं, ही कड आत उघडी राहिली तर तापून लाल होते, ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवते, आणि मग पिस्टनला भोक पडतं. शेवटी प्लग माझ्या हातात दिला. “तुम्हीच बसवा. आधी बोटानं. बोटानं जात न्हाई तो पान्ह्यानं घालायचा न्हाई.”

त्यांचं लेथ हरिहरचं होतं, 1941 साली सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करच्या कारखान्यातलं. मिस्त्री त्याला रोज सकाळी पुसायचे. हे कळल्यावर मी त्यांना सांगितलं की लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, 1869 सालचा, आणि 1888 मध्ये त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं तिथून हा सगळा पसारा सुरू झाला. मिस्त्रींना हे ठाऊक नव्हतं. ते लेथकडे बघत म्हणाले, “म्हंजे ह्ये आपल्याच घरचं म्हणायचं की.” ते स्वतः पोरवयात बेळगावच्या उद्यमबागेत हेल्पर म्हणून लागले होते. तिथल्या फाउंड्र्या आणि मशीनशॉप यांनी सीमाभागातल्या कितीतरी पोरांना असं हातात कसब देऊन घरी पाठवलं आहे.

दुकानात बोल्टांचे दोन डबे वेगळे असत. एक इंची, एक मिलिमीटरचा. वडापच्या जुन्या जीपना इंची आटे, मारुतीला मिलिमीटरचे. अडीच सूत म्हणजे पाच-षोडशांश इंची बोल्ट आठ मिलिमीटरच्या भोकात एक-दोन फेरे सुखानं जातो, मग अडतो. अडाणी माणूस पान्हा लावतो आणि दोन्हीकडचे आटे जातात. “निम्मी कामं ह्या दोन डब्यांच्या घोळानं येत्यात माझ्याकडं,” ते म्हणायचे. तरी कुणी विचारलं की ते फरक समजावून सांगत, स्वतःचं गिऱ्हाईक कमी होईल याचा विचार न करता.

पण मी त्यांचा खरा ऋणी आहे तो त्यांनी न केलेल्या एका कामासाठी.

काही वर्षांनी दिवाळीत गाडी आवाज करू लागली. पाहिलं तर स्टिअरिंगच्या टायरॉड एंडचे आटे खलास झाले होते, नट नुसता गोल फिरत होता. संध्याकाळी सगळ्यांना घेऊन बेळगावला परतायचं होतं. बाजार बंद. दाजी म्हणाले, नटाला वेल्डिंगचे दोन टाके मारून द्या, उद्या बघू. गाडीत आई, बायको, दोन्ही पोरं बसायची होती, आणि वाटेत तोच तवंदी घाट.

मिस्त्री दाजींशी वाद घालत बसले नाहीत. गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. “हेडचं आटं गेलं तर गाडी थांबत्या. हितलं गेलं तर चाक आपल्या मनानं फिरतंय. ह्याला मी आटं पाडत न्हाई, वेल्डिंग बी करत न्हाई. नवा येऊ दे.” आणि ऐन दिवाळीत त्यांनी आपल्या थोरल्या मुलाला मोटारसायकलवर कोल्हापूरला पिटाळलं. ओळखीच्या दुकानदाराला घरातून उठवून तो रात्री उशिरा नवा पार्ट घेऊन आला. तोवर आम्ही सगळे मिस्त्रींच्या घरी जेवलो. त्यांच्या पत्नीनं आईला ओवाळणीचं ताट लावून दिलं, मुलं तिथंच झोपली. सकाळी पार्ट बसला. पिन घालून तिची टोकं वाकवल्यावर त्यांनी माझ्याकडून पार्टचे आणि मजुरीचे पैसे मोजून घेतले, एक रुपया जास्त नाही.

ती मजुरी मी तेव्हाच चुकती केली. त्या रात्री ती गाडी घाटात गेली नाही, त्याची किंमत कुणी लावली नव्हती आणि मला लावता येत नाही. पुढं त्यांच्या मुलीच्या लग्नात आई हळदीला बसली, माझ्या मुलानं इंजिनिअरिंगला जायचं ठरवलं तेव्हा पहिला पेढा त्यांच्या लेथपाशी गेला.

मिस्त्री आता नाहीत. मुलगा दुकान चालवतो. तो बुश कातण्याऐवजी बहुधा हेलिकॉइल वापरतो. शंकरपाळीसारख्या छेदाची स्टेनलेस तार, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, मोठ्या केलेल्या भोकात फिरवून बसवायची. ॲल्युमिनियममध्ये असे आटे मूळच्यापेक्षा जास्त टिकाऊ ठरतात. तोही स्टिअरिंग, ब्रेक आणि चाकाच्या स्टडला हात लावत नाही. सरळ नवा आणायला सांगतो.

मारुती मी विकली तोवर तो बुश हलला नव्हता.

तुमच्या गाडीचे आटे गेले आणि कुणी अख्खं हेड किंवा ऑइल चेंबर बदलायला सांगितलं, तर पैसे भरण्याआधी एखाद्या जुन्या लेथवाल्याला जरूर दाखवा. स्टिअरिंग, ब्रेक किंवा चाक यांचा प्रश्न असेल, तर मात्र कुणी कितीही स्वस्तात जोडून देतो म्हणाला तरी ऐकू नका. नवा पार्ट येईपर्यंत मुक्काम करा.